सहीपुरते पालक नकोत

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतली सहावीत शिकणारी एक मुलगी हातपाय आणि कंबर दुखते म्हणून सरकारी दवाखान्यात भरती झाली. मुलगी सिकलसेलची, एसएस पॅटर्नची. तीन दिवस सलाइन आणि दुखण्याची औषधे चालली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिच्या आईला नेहमीचे प्रश्न विचारले. गोळी चुकली का? थंडीत उघड्यावर निजली का? ताप होता का? आई प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणाली. मग आम्ही विचारले, दिवसभरात पाणी किती पिते?

"घरी पेते मॅडम. शाळेत पेतच नाई. पाणी पेलं का लघवीले लागते, अन् मधली सुट्टी झाल्याबिगर बाई जाऊ देत नाई. म्हणून पोट्टी सकाळपासून पाण्याले हातच लावत नाई."

आम्ही म्हटले, मग शाळेत जाऊन सांगितले का नाही? शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सभेत हा विषय मांडता येतो. ती आमच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "मी तं त्याच कमिटीत आहो. दोनदा सही कराले बलावलं होतं."

त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. ज्या समितीत बसून ही आई आपल्या मुलीचे दुखणे टाळू शकली असती, त्याच समितीच्या वहीत तिची सही होती. कशावर सही केली हे तिला कुणी सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते.

आधी पाण्याचे समजून घेऊ. सिकलसेल आपल्या विदर्भात बौद्ध आणि आदिवासी घरांमध्ये मोठ्या प्रमाणात आढळतो. इतर जातींतही आढळतो, आफ्रिकेत आणि अरब देशांतही आढळतो. पूर्वी जिथे मलेरिया फार होता तिथे हा आजार टिकून राहिला. हा कोणत्याही समाजाचा दोष नाही. निरोगी माणसाच्या तांबड्या रक्तपेशी गोल आणि लवचिक असतात. एसएस रुग्णाच्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढे रक्त जात नाही. मग जीव घेणाऱ्या वेदना सुरू होतात. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी, ताप आणि दमछाक ही या वेदनेची नेहमीची कारणे आहेत.

दुसरी गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. या रुग्णांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही. त्यामुळे यांना लघवी जास्त वेळा लागते आणि अंगातले पाणी लवकर निघून जाते. म्हणजे या मुलांनी इतरांपेक्षा जास्त पाणी प्यायला हवे आणि त्यांना इतरांपेक्षा जास्त वेळा लघवीला जाऊ द्यायला हवे. "मधल्या सुट्टीपर्यंत थांब" हा नियम पन्नास मुलांच्या वर्गात शिस्तीसाठी केलेला असतो. पण सिकलसेलच्या मुलासाठी तो नियम थेट दवाखान्यात नेणारा आहे.

बाईंना हे माहीत नव्हते. मुलीच्या आईला माहीत होते. दोघींची गाठ कधी पडलीच नाही. म्हणून आमचे म्हणणे आहे की शाळेतले आरोग्याचे आणि सुरक्षेचे नियम पालकांना सोबत बसवूनच ठरले पाहिजेत. कोणत्या मुलाला काय सोसत नाही, कुणाला फिट येते, कुणाला दमा आहे, कोणती मुलगी पाळीच्या दिवसांत शाळा बुडवते आणि का बुडवते, हे घराला माहीत असते. ही माहिती नियम करणाऱ्यांपर्यंत पोचली नाही तर नियम कितीही चांगल्या हेतूने केला तरी चुकतो.

ही मागणी म्हणजे कुणाची मेहेरबानी मागणे नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या राज्यात समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचे कामकाज पाहणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते यावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे कायद्यातच लिहिली आहेत. त्याच कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी प्रत्येक शाळेत असावे असे म्हटले आहे. कलम 17 प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देता येत नाही. लघवीला अडवून ठेवणे हा त्रासच आहे असे आमचे मत आहे.

सिकलसेलच्या मुलांसाठी आणखी एक आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये जे 21 प्रकार मोजले आहेत, त्यांत सिकलसेल आहे. या कायद्याप्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाच्या गरजेनुसार सोय करून द्यायची असते. बाकावर पाण्याची बाटली ठेवू देणे ही तर बिनखर्चाची सोय आहे.

कायदा इतका बाजूने असताना आपले पालक सभेत का दिसत नाहीत? "आपल्या लोकांना शिक्षणाची कदर नाही" हे वाक्य आम्ही शाळांतही ऐकतो आणि आपल्यातल्या नोकरदार माणसांच्या तोंडूनही ऐकतो. ते खोटे आहे. पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवणारी घरे आम्ही रोज पाहतो. खरी कारणे वेगळी आहेत.

सभा सकाळी अकराला असते. धुणीभांडी करणाऱ्या बाईची त्या वेळी चार घरे असतात. बांधकामावरच्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. सभेची सूचना आदल्या संध्याकाळी मुलाच्या हाती येते. सभेत भाषा कागदाची असते, "ठराव क्रमांक अमुक, सर्वानुमते मंजूर". न समजणाऱ्या गोष्टीवर प्रश्न विचारला तर आपले अज्ञान दिसेल ही भीती असते. आपण बोललो तर बाई आपल्या मुलावर राग काढतील ही त्याहून मोठी भीती. आणि काही ठिकाणी अध्यक्ष कोण होणार हे शाळेबाहेरच ठरलेले असते.

सिकलसेलच्या घरात आणखी एक कारण आहे आणि त्यावर आपण मोकळेपणाने बोलायला हवे. आजार लपवला जातो. "शाळेत कळलं म्हणजे वस्तीत कळलं, उद्या पोरीच्या लग्नात आडवं येईन" असे आया आम्हाला सांगतात. ही भीती खोटी नाही. पण लपवलेल्या आजाराची सोय कोणी करू शकत नाही. यातून मार्ग काढता येतो, तो पुढे सांगतो.

आमचीही चूक आहे. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून अनेक वर्षे वॉर्डात काढली. सिकलसेलच्या कितीतरी मुलांना सुट्टी देताना आम्ही आईला पाठ केल्यासारखे सांगितले की पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा, गोळी चुकवू नका. हे मूल दिवसाचे सहा तास आईजवळ नसते हे आमच्या ध्यानातच आले नाही. शाळेसाठी दोन ओळींची चिठ्ठी आम्ही एकदाही लिहून दिली नाही. दवाखान्याने आईला सांगितले आणि आपले काम संपले असे मानले. नोकरी सोडून वस्तीत काम करू लागलो तेव्हा कळले की आमचा सल्ला शाळेच्या फाटकाशी येऊन थांबतो.

त्या मुलीला घरी आणल्यावर आम्ही पाच आया गोळा केल्या. दोघींची मुले एसएस पॅटर्नची, एकीच्या मुलाला दमा, आणि दोघी समितीच्या सदस्य. बुद्ध विहारात दोन रविवार बसून कागद केला. सचिव म्हणून मुख्याध्यापकांना लेखी पत्र दिले की पुढच्या सभेत "विद्यार्थ्यांचे आरोग्य" हा विषय घ्यावा आणि सभा संध्याकाळी ठेवावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सभा शनिवारी दुपारी ठरली. तेवढ्यानेही तीन बायांची मजुरी वाचली.

सभेत पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणेच आला. प्रत्येकाच्या आजाराप्रमाणे शाळा चालवायची का? एक मूल उठले की दहा उठतात, मग शिकवायचे कधी? हा प्रश्न खोटा नाही. पन्नास मुले सांभाळणाऱ्या बाईंची अडचण आम्हाला कळते. आम्हीही एका रात्रपाळीत चाळीस रुग्ण सांभाळले आहेत. पण त्या दमा असलेल्या मुलाच्या आईने फार सोपे उत्तर दिले. ती म्हणाली, एकाच पोराले काऊन उठवता, सगळ्यायले एकदमच पाणी पाजा ना. केरळच्या शाळांत 2019 पासून पाण्याची घंटा वाजते, ठरलेल्या वेळी सगळी मुले पाणी पितात, हे आम्ही तिथे सांगितले. त्या आईने केरळचे नाव ऐकले नव्हते. तिला तेच सुचले.

मग एक गोष्ट घडली ती आम्हाला अनपेक्षित होती. ज्या बाईंबद्दल तक्रार होती, त्याच हळू आवाजात म्हणाल्या की मी स्वतः शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण दुपारनंतर स्वच्छतागृहात पाणीच नसते. त्या क्षणी सभेतले वातावरण बदलले. तोपर्यंत त्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे बसल्यासारखे होतो.

त्या दिवशी पाच गोष्टी ठरल्या आणि इतिवृत्तात लिहिल्या गेल्या. दुसऱ्या आणि पाचव्या तासानंतर सगळ्या वर्गाने पाणी प्यायचे. लघवीला जाण्यासाठी कोणत्याही मुलाला अडवायचे नाही. कवायतीत आणि खेळात मुलाने बसतो म्हटले तर बसू द्यायचे, आणि उन्हात उभे करणे किंवा पळायला लावणे ही शिक्षा बंद. गोळ्या वाटण्याच्या आदल्या दिवशी पालकांना कळवायचे. आणि मुलाच्या आजाराची माहिती पालकाने बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्यायची, ती फक्त वर्गशिक्षिकेला दाखवायची. लग्नाची धास्ती असलेल्या आयांसाठी हाच मार्ग निघाला. माहिती कुणाला द्यायची हे आई ठरवेल आणि शाळा ती वर्गात उच्चारणार नाही. पाण्याची वेळ सगळ्यांना सारखी असल्यामुळे कोणते मूल आजारी हे कुणाला कळतही नाही.

त्या पाकिटात आम्ही एक कागद घातला. सिकलसेलच्या मुलाला 101 किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरे पडणे, पोट फुगून दुखणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर घरी पाठवून वेळ घालवू नका. 108 ला फोन करा, मग पालकांना करा. खाली दोन फोन नंबर, एक आईचा आणि एक शेजारच्या घरचा.

सहावी गोष्ट मात्र ठरूनही झाली नाही. दुपारनंतर स्वच्छतागृहात पाणी राहावे म्हणून मोठी टाकी हवी. त्याचे पत्र समितीने वरच्या कार्यालयाला दिले. दोन महिने झाले, उत्तर नाही. दुसरे पत्र तयार आहे. पालक सभेला गेले म्हणजे सगळे सुटते असे आम्ही सांगणार नाही. पण आता टाकीची मागणी समितीच्या नावाने नोंदली गेली आहे, आणि बाई व आया ती मिळून करीत आहेत.

गोळ्यांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण यात पालकांची माहिती फार महत्त्वाची आहे. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात, लहान मुलांना गुलाबी आणि किशोरवयीनांना निळी. बहुतेक मुलांसाठी ती चांगलीच आहे, तिला विरोध करू नका. पण ज्या मुलाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या अंगात आधीच लोह साचलेले असू शकते. त्याला ही गोळी द्यायची की नाही हे त्याच्या डॉक्टरांनी सांगायचे आणि आईने ते शाळेला लिहून द्यायचे. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळीही त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला देत नाहीत, बरे झाल्यावर देतात. वर्गात रांगेत गोळ्या वाटणाऱ्या बाईंना हे घरून कळवल्याशिवाय कसे कळणार?

तसेच खिचडीचे. शिजवलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी चाखून पाहायचे असा नियम आहे. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतल्या जेवणात कीटकनाशक गेले आणि 23 मुले दगावली. मेलेली मुले गरिबांची होती. आठवड्यातून एका दिवशी एक आई आळीपाळीने जाऊन खिचडी चाखेल, तांदूळ-डाळ कुठे ठेवली ते पाहील आणि वहीत सही करेल, एवढे आपण नक्की करू शकतो. ही सही मात्र डोळ्यांनी पाहून केलेली असेल. पंगतीत कोणाला वेगळे बसवतात का, कोणाला शेवटी वाढतात का, तेही तिला दिसेल.

मुलींच्या सुरक्षेचे प्रश्नही याच समितीत मांडायचे असतात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि पालक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप योग्यच होता. पण मुलींना स्वच्छतागृहात कोण नेते, शाळेत येणाऱ्या कर्मचाऱ्यांची चौकशी कोण करते, हे प्रश्न आपण आपापल्या शाळेत आधीच विचारायला हवेत. 2022 च्या शासन निर्णयाने शाळांत सखी सावित्री समिती नेमायची आहे. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, तक्रारपेटी कोण उघडते, हे सभेत विचारा. असा प्रकार कळला तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, शाळेला तो आतल्या आत मिटवता येत नाही. मुलांसाठीचा 1098 हा नंबर मुलांना पाठ करून द्या.

आता वस्तीतली बरीच मुले खासगी इंग्रजी शाळांत जातात. विनाअनुदानित शाळेला कलम 21 लागू नाही. पण राज्याच्या 2011 च्या फी नियमन कायद्याने तिथे पालक-शिक्षक संघ असावा लागतो. तो फीसाठी आहे हे खरे, तरी पाणी, स्वच्छतागृह आणि शाळेची व्हॅन यांवर त्याच बैठकीत लेखी प्रश्न देता येतो. फी भरतो म्हणून सगळे ठीकच असेल असे समजू नका.

बाबासाहेबांना लहानपणी शाळेत नळाला हात लावू दिला जात नव्हता. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. आपल्या घरातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. आजच्या शाळेत नळ सगळ्यांना खुला आहे. तरीही आपली मुलगी नियमाच्या धाकाने तहानलेली बसत असेल, तर तो नियम बदलून घेणे आपले काम आहे. त्यासाठी मोर्चा लागत नाही. सभेत बसून बोलावे लागते.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी एका रविवारी विहारात आपल्या शाळेच्या आया-बापांना बोलवा. समितीत आपले कोण आहेत ते शोधा. प्रत्येक घराने आपल्या मुलाची एक गरज सांगावी आणि लिहिता येणाऱ्या मुलामुलींनी ती कागदावर उतरवावी. वडिलांनी एक सभा आपल्या अंगावर घ्यावी, दरवेळी आईचीच मजुरी बुडू नये. सभेला एकट्या जाऊ नका, तिघी-चौघी जा. इतिवृत्त वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला लावा, आणि मगच सही करा.

ती मुलगी आता सातवीत जाईल. त्या सभेनंतर तिला दुखणे आलेच नाही असे नाही, तापामुळे एकदा आले. पण पाण्याअभावी आले नाही. तिची आई पुढच्या सभेला गेली तेव्हा वही नेहमीसारखी समोर आली. तिने पेन हातात घेतला आणि विचारले, "आधी सांगा, यात लिवलं काय आहे?"

जय भीम.